संदेश तोच, अर्थ पेशीचा: गर्भात ऊती आणि मज्जातंतू कसे घडतात

प्रश्न: मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सॉनिक हेजहॉग, बीएमपी, विंट, नेट्रिन ही नावं पाठ होतात, पण एक गोष्ट कळत नाही. सगळ्या पेशींत डीएनए सारखाच आणि पेशींमध्ये निरोप नेणारे रेणूही मोजकेच. मग त्याच रेणूंमधून कुठे मज्जारज्जू, कुठे बोटं, कुठे मेंदू कसा घडतो? आणि मज्जातंतूला आपली वाट कशी सापडते?

उत्तर:

गोंधळ होतो तो पाठ केलेल्या याद्यांमुळेच. त्या याद्यांत प्रत्येक रेणूपुढे त्याचं ‘काम’ लिहिलेलं असतं: सॉनिक हेजहॉग मोटर न्यूरॉन (स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी) बनवतो, बीएमपी त्वचा बनवतो, नेट्रिन ॲक्सॉनला (चेतापेशीच्या लांब तंतूला) ओढतो. प्रत्यक्षात असं काम कुठल्याही रेणूला नेमून दिलेलं नाही. रेणू ‘मी इथे आहे आणि इतका आहे’ एवढंच कळवतो. त्यावर काय करायचं ते ऐकणारी पेशी ठरवते. तिच्या पृष्ठभागावर कोणते रिसेप्टर (निरोप पकडणारी प्रथिनं) आहेत, आतली कोणती जनुकं उघडी आहेत, आधी तिने काय काय ऐकलंय, यावर ते ठरतं. शाळेची घंटा सकाळी वाजली की मुलं प्रार्थनेला उभी राहतात, दुपारी वाजली की डबे उघडतात आणि संध्याकाळी वाजली की दप्तर उचलून पळतात. घंटेत यातलं काहीच नसतं. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवलीत, तर पुढचं सगळं एका सूत्रात बसेल.

सुरुवात न्यूरल ट्यूबपासून, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या नळीपासून करू, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. कोंबडीचं फलित अंडं 38 अंशांच्या आसपास दीड दिवस उबवलं की गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. अंडं आडवं ठेवायचं, बोथट टोकाकडून सिरिंजने तीन-चार मिलिलिटर पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे गर्भ कवचापासून सुटून खाली बसतो. मग वरच्या बाजूला बारीक कात्रीने खिडकी कापायची. गर्भ इतका पारदर्शक असतो की पिवळ्या बलकावर तो नीट दिसतही नाही, म्हणून त्याच्याखाली सुईने थोडी काळी शाई सोडतात. शाई पसरली की सगळं एकदम उमटून येतं: मधोमध न्यूरल ट्यूब, दोन्ही अंगांना सोमाइटच्या (ज्यांपासून पुढे मणके आणि स्नायू होतात त्या ठोकळ्यांच्या) जोड्या, पुढे नुकतंच धडधडू लागलेलं हृदय. हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी स्वतः बघा. पुस्तकातली आकृती त्यानंतर वेगळीच वाचता येते.

ट्यूबच्या बरोबर खाली नोटोकॉर्ड हा गर्भाला आधार देणारा दांडा असतो. दुसऱ्या गर्भातून त्याचा छोटा तुकडा काढून ट्यूबच्या एका बाजूला खोचला, टेप लावून खिडकी बंद केली आणि अंडं परत इन्क्युबेटरमध्ये ठेवलं, तर एक-दोन दिवसांत त्या बाजूलाही नवी फ्लोअर प्लेट (एरवी ट्यूबच्या तळाशी असणारी पट्टी) तयार होते आणि तिच्या शेजारी मोटर न्यूरॉनचा जादा गट उगवतो. उलट, मूळ नोटोकॉर्ड वेळेत काढून टाकला तर तिथे फ्लोअर प्लेटही होत नाही आणि मोटर न्यूरॉनही होत नाहीत. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या थॉमस जेसेल यांच्या गटाने अशा प्रयोगांतून नोटोकॉर्डचा हा प्रभाव पक्का केला. तो पोचवणारा रेणू 1993 साली सापडला: सॉनिक हेजहॉग. याचा माशीतला भाऊबंद त्याआधीच माहीत होता. क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी 1980 साली फळमाशीच्या अळ्या तपासताना जी जनुकं हुडकली, त्यांत हेजहॉग हे एक होतं. 1995चं नोबेल त्यांना एडवर्ड लुइस यांच्यासोबत मिळालं.

नोटोकॉर्ड आणि फ्लोअर प्लेट सॉनिक हेजहॉग सोडतात, त्यामुळे ट्यूबच्या तळाशी तो भरपूर आणि वर जावं तसा विरळ असतो. ट्यूबच्या छताकडून बीएमपी आणि विंट उलट दिशेने खाली येतात. प्रयोगशाळेत न्यूरल ट्यूबच्या पेशी बशीत वाढवून त्यांना वेगवेगळ्या मात्रेत सॉनिक हेजहॉग दिला, तर दोन-तीन पटींच्या फरकाने पेशीची जात बदलते. तळाच्या बाजूने व्ही-3, मग मोटर न्यूरॉन, मग व्ही-2, व्ही-1, व्ही-0 अशा चेतापेशींच्या पाच जाती, आणि एकच रेणू. मात्रेनुसार पेशीचं भवितव्य ठरवणाऱ्या पदार्थाला ‘मॉर्फोजेन’ म्हणतात. हा शब्द ॲलन ट्युरिंग यांनी 1952 साली, थोड्या वेगळ्या अर्थाने, आणला. लुइस वोलपर्ट यांनी 1969 मध्ये मात्रेची ही कल्पना तिरंगी फ्रेंच झेंड्याच्या नमुन्याने मांडली. तुमच्या पुस्तकात तो झेंडा असेलच.

पण तो झेंडा बघून मुलं जिथे थांबतात, तिथेच खरी गंमत सुरू होते. पेशी मात्रा मोजते कशी? पेशीवर पॅच्ड नावाचा रिसेप्टर असतो आणि तो एरवी स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतो. सॉनिक हेजहॉग पॅच्डला चिकटला की तो दाब सुटतो, स्मूदन्ड कामाला लागतो आणि शेवटी केंद्रकात ग्लाय कुळातली प्रथिनं जनुकं उघडू किंवा बंद करू लागतात. आता पाहा: संदेश ऐकणारी पेशी प्रतिसाद म्हणून आणखी पॅच्ड बनवते. म्हणजे तोच निरोप काही तासांनी तिला कमी ऐकू येतो, आणि वरच्या पायरीचं भवितव्य टिकवायचं तर निरोप जास्त मात्रेत आणि जास्त वेळ मिळावा लागतो. पेशी मात्रेबरोबर कालावधीही मोजते. शिवाय आत उघडलेली जनुकं एकमेकांना सहन करत नाहीत. ओलिग-2 आणि एनकेएक्स-2.2 ही प्रथिनं एकाच पेशीत फार काळ एकत्र नांदत नाहीत, एक दुसऱ्याला बंद करतं. म्हणून बाहेर मात्रेचा उतार सलग असला तरी आत पेशींच्या जातींची सीमा रेघ मारल्यासारखी दिसते. ती रेघ रेणूने आखलेली नसते, पेशींच्या आतल्या भांडणाने आखली जाते.

आणखी एक गोष्ट पुस्तकं घाईत सांगतात. सॉनिक हेजहॉग पाण्यात साखर विरघळावी तसा सुटा फिरतो असं चित्र काढतात, पण ते फारच सोपं केलेलं आहे. या प्रथिनाला एका टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडलेला असतो. 1996 मध्ये ते सिद्ध झालं. त्यामुळे तो पेशीच्या पटलाला चिकटून बसतो आणि त्याला सोडवायला डिस्पॅच्डसारखी वेगळी प्रथिनं लागतात. कुठपर्यंत पोचायचं यावर बनवणाऱ्या पेशीचाही हात असतो, एवढं लक्षात ठेवा.

आता हाच रेणू पंखाच्या कळीत, म्हणजे जिच्यापासून पंख वाढतो त्या उंचवट्यात बघा. कोंबडीच्या पंखाच्या कळीला मागच्या कडेला ऊतीचा एक छोटा पट्टा असतो. जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी 1968 साली तो पट्टा दुसऱ्या कळीच्या पुढच्या कडेला लावला तेव्हा आरशातल्यासारखी दुप्पट बोटं आली. त्या पट्ट्यातला रेणूही सॉनिक हेजहॉगच निघाला. तिथे मोटर न्यूरॉनचं नावही नाही, कारण ऐकणाऱ्या पेशी मध्यस्तराच्या (गर्भाच्या मधल्या थराच्या) आहेत आणि त्यांची उघडी जनुकं वेगळी आहेत.

निरोप नसणं हाही कधीकधी निरोप असतो. यासाठी जरा मागे, 1924 साली फ्रायबुर्गला जावं लागेल. हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी न्यूट या उभयचराच्या गर्भातला, आतड्याची वाट सुरू होते त्याच्या वरच्या ओठाचा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. एक जात फिक्या रंगाची, दुसरी गडद, त्यामुळे कुठली पेशी कुणाची हे डोळ्यांना दिसत होतं. यजमान गर्भाच्या पोटावर दुसरा गर्भ वाढला, आणि त्याची न्यूरल ट्यूब बहुतांशी यजमानाच्याच पेशींची होती. ज्या पेशी पोटाची त्वचा झाल्या असत्या, त्यांना शेजाऱ्याने मज्जासंस्था व्हायला लावलं होतं. हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी हिल्डे मांगोल्ड स्टोव्हच्या स्फोटात भाजून गेल्या. नोबेल 1935 मध्ये एकट्या श्पेमान यांना मिळालं.

त्यानंतर पन्नासेक वर्षं लोक त्या ओठातला रेणू शोधत होते आणि हाती काही लागत नव्हतं. मेलेली ऊती लावली तरी न्यूट मज्जासंस्था बनवायचा. मेथिलीन ब्लू हा साधा रंग लावला तरी बनवायचा. सगळे चक्रावले. कारण सगळे निरोप शोधत होते, ऐकणाऱ्याकडे कुणी पाहत नव्हतं. 1989 साली बेडकाच्या गर्भाच्या बाह्यस्तराची (बाहेरच्या थराची) पेशी-पेशी सुटी करून ठेवली तेव्हा त्या कुणी न सांगता चेतापेशींच्या वाटेला गेल्या. म्हणजे बाह्यस्तराच्या पेशी एकमेकींना सतत बीएमपी पाठवून त्वचेच्या वाटेवर ठेवत असतात. तो आवाज बंद झाला की त्या मज्जासंस्थेकडे वळतात. त्या ओठातून निघणारे नॉगिन आणि कॉर्डिन हे रेणू 1990च्या दशकात सापडले, तेव्हा उलगडा झाला: हे दोघेही बीएमपीला गाठून धरतात आणि रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाहीत. गर्भविज्ञानातलं याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही.

त्या ओठासारख्या, शेजाऱ्यांना घडवणाऱ्या ऊतीला ‘संघटक’ म्हणतात. असा ‘संघटक’ मेंदूतही असतो, आणि त्यावरचं एक महत्त्वाचं काम मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत झालं. मेंदूच्या कॉर्टेक्सच्या कडेला हेम नावाची अरुंद पट्टी असते. ती विंट आणि बीएमपी सोडते, आणि तिच्या शेजारच्या पेशींपासून हिप्पोकॅम्पस होतो. स्मरणशक्तीसाठी हा भाग फार महत्त्वाचा. उंदरात विंट-3ए नसेल तर हिप्पोकॅम्पस जवळपास घडतच नाही. शुभा तोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवलं की एलएचएक्स-2 हे जनुक पेशीला ‘हेम’ होण्यापासून रोखतं. कॉर्टेक्समधल्या काही विखुरलेल्या पेशींतून ते काढून टाकलं की त्या पेशी हेम बनतात, आणि अशा प्रत्येक ठिगळाभोवती नवा हिप्पोकॅम्पस उभा राहू लागतो. कोण बोलणार आणि कोण ऐकणार, हेही पेशीच्या आतलं एक जनुक ठरवू शकतं. तुमच्या सेमिनारला विषय हवा असेल तर हा शोधनिबंध घ्या.

आता वाट शोधण्याबद्दल. चेतापेशीचा ॲक्सॉन वाढतो तेव्हा त्याच्या टोकाला ग्रोथ कोन असतो, बोटं फुटलेल्या पंजासारखा. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तो 1890 मध्ये पाहिला आणि रासायनिक खुणांमुळे त्याला दिशा मिळत असावी असा अंदाजही केला. रॉस हॅरिसन यांनी 1907 साली बेडकाच्या गर्भाचा मज्जातंतू काचेवरच्या थेंबात जिवंत वाढताना पाहिला. तो पंजा सतत चाचपडत असतो. एक बोट बाहेर काढतो, एखादं आखडून घेतो, आणि ज्या बाजूची बोटं टिकतात तिकडे सरकतो.

याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण मज्जारज्जूतल्या कॉमिशरल न्यूरॉनचं. त्यांच्या पेशी वरच्या बाजूला असतात आणि ॲक्सॉन खाली फ्लोअर प्लेटपर्यंत येऊन मध्यरेषा ओलांडतो, मग वळून डोक्याच्या दिशेने जातो. 1994 मध्ये मार्क टेसिए-लाविन्य यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांचे मेंदू गोळा करून, त्यांतून ॲक्सॉनची वाढ चेतवणारं प्रथिन शुद्ध केलं: नेट्रिन. पुढे सॉनिक हेजहॉगही याच कामात सामील असल्याचं 2003 मध्ये दिसलं. ज्याने काही वेळापूर्वी पेशींच्या जाती ठरवल्या, तोच आता दिशा दाखवतो. आणि नेट्रिन ओढतोच असं नाही. बेडकाच्या चेतापेशीत सीएएमपीची (पेशीच्या आत निरोप नेणाऱ्या छोट्या रेणूची) पातळी खाली आणली की तोच नेट्रिन ॲक्सॉनला दूर ढकलतो.

मध्यरेषेवर जे घडतं ते नीट समजून घ्या. फ्लोअर प्लेट ओढत असेल तर ॲक्सॉन तिथेच अडकून का पडत नाही? कारण तिथे स्लिट नावाचा हाकलणारा रेणूही आहे. येताना ॲक्सॉनला तो जाणवत नाही, कारण रोबो-3 हे प्रथिन स्लिट ओळखणाऱ्या बाकीच्या रोबो रिसेप्टरना गप्प ठेवतं. मध्यरेषा पार झाली की रोबो-3 ओसरतो, रोबो-1 पृष्ठभागावर वाढतो, आणि काही मायक्रॉन मागे ज्या जागेने बोलावलं तीच जागा आता त्याला परत फिरकू देत नाही. फ्लोअर प्लेटमध्ये काहीच बदललेलं नसतं. बदलतो तो ॲक्सॉन.

इथेही एक दुरुस्ती जोडून घ्या, कारण जुन्या नोट्समध्ये ती नसते. नेट्रिन फ्लोअर प्लेटपासून दूरवर पसरतो आणि ॲक्सॉनला लांबून ओढतो असं वीस वर्षं शिकवलं गेलं. 2017 मध्ये उंदरांत फक्त फ्लोअर प्लेटमधला नेट्रिन काढून पाहिला तेव्हा पश्चमेंदूतले बहुतेक ॲक्सॉन तरीही मध्यरेषेपर्यंत पोचले. न्यूरल ट्यूबच्या भिंतीतल्या जनक पेशी जो नेट्रिन वाटेवर अंथरतात, तो जास्त महत्त्वाचा निघाला. परीक्षेत विचारलं तर दोन्ही सांगा.

लक्ष्यापाशी नेमकं कुठे टेकायचं हा पुढचा प्रश्न. रॉजर स्पेरी यांनी 1940च्या दशकात उभयचरांचा डोळा 180 अंशांत फिरवला आणि तुटलेले तंतू पुन्हा वाढू दिले. तंतू मेंदूत आपापल्या जुन्याच जागी परतले, म्हणून प्राण्याला जग उलटं दिसू लागलं आणि वरची माशी पकडायला तो खाली झेपावू लागला. अनुभवाने ते सुधारलंही नाही. त्या पत्त्यांमागचे रेणू एफ्रिन, हे 1995 मध्ये कळलं. तेही उतरत्या मात्रेतच पसरलेले असतात.

पोचल्यावरही सगळे न्यूरॉन जगत नाहीत. कोंबडीच्या गर्भात पायाच्या मोटर न्यूरॉनपैकी जवळजवळ निम्मे मरून जातात. रीता लेवी-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठ बंद झालेलं असताना, तोरिनोच्या घरातल्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर काम करून हे ओळखायला सुरुवात केली की लक्ष्य नसेल तर पेशी आधी घडतात आणि मग मरतात. त्यातून पुढे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर सापडला आणि 1986 साली त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. एक खबरदारी: हा घटक संवेदी आणि सिम्पथेटिक चेतापेशींना जगवतो. मोटर न्यूरॉनना जगवणारे घटक वेगळे आहेत. विद्यार्थी इथे हमखास घोटाळा करतात.

हे सगळं माणसाच्या बाबतीत किती खरं आहे, ते आजारांतून कळतं. अमेरिकेतल्या आयडाहोत 1950च्या दशकात मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरं होऊ लागली. गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास मेंढीने तिथली एक रानटी लिली खाल्ली की हे घडायचं. त्यातलं सायक्लोपामिन स्मूदन्डला बंद पाडतं, हे फार नंतर कळलं. त्याच तत्त्वावरचं विस्मोडेजिब हे औषध 2012 पासून त्वचेच्या एका कर्करोगावर वापरलं जातं, कारण त्या गाठींत हाच मार्ग चुकून चालू राहिलेला असतो. माणसात सॉनिक हेजहॉगची एक प्रत बिघडली तर मेंदूचे दोन गोलार्ध नीट वेगळे होत नाहीत. पण एकाच घराण्यात, अगदी त्याच बिघाडासह, एकाचा मेंदू गंभीर अधू असतो आणि दुसऱ्याला वरच्या जबड्यात मधोमध दोनऐवजी एकच दात, एवढंच. रोबो-3 दोन्ही प्रतींत बिघडलेल्या मुलांच्या मेंदूतले काही तंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत. त्यांना डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर नसलेल्या मुलांना वेदनाही कळत नाही आणि घामही येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरी सांगा अशी एक गोष्ट. माणसाची न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं कळण्याच्या आसपास. म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मूल होण्याचा विचार सुरू झाला की घ्यायची असते, दिवस जाण्याची वाट बघायची नसते. आधीच्या बाळात ट्यूब नीट न मिटल्याचा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन रेटिनॉइक ॲसिडच्या जातीचं आहे, आणि रेटिनॉइक ॲसिड हा गर्भातला खराखुरा संदेश-रेणू आहे. तो निरोप नको त्या वेळी, नको तितका पोचला तर कान, हृदय, मेंदू बिघडतात. ते औषध चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायलाच हवी.

आता हीच माहिती बशीत वापरली जाते. मानवी मूलपेशींत बीएमपी आणि त्याच्या भाऊबंदांचा आवाज दोन अवरोधकांनी बंद केला की त्या चेतापेशींच्या वाटेला लागतात. ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झाली आणि मुळात ती श्पेमान यांच्या ओठाचीच नक्कल आहे. पुढे सॉनिक हेजहॉग आणि विंटचा मार्ग चालू करणारं रसायन योग्य मात्रेत दिलं की मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी मिळतात. पार्किन्सनच्या रुग्णांत (ज्यांच्या मेंदूतल्या याच पेशी मरत जातात) अशा पेशी बसवण्याच्या दोन छोट्या चाचण्यांचे निकाल 2025 मध्ये आले, एक जपानमधली आणि एक अमेरिका-कॅनडातली. दोन्हींत पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि त्याचं उत्तर आश्वासक आलं. या कामात सगळ्यात नाजूक मात्रा विंटच्या रसायनाची असते: कमी पडली तर पुढच्या मेंदूच्या पेशी होतात, थोडी जास्त झाली तर मागच्या मेंदूच्या, त्यांत सेरोटोनिन बनवणाऱ्याही. पूर्वी गर्भाची ऊती बसवलेल्या काही रुग्णांत नकोशा हालचाली सुरू झाल्या होत्या, आणि त्यामागे याच सेरोटोनिन पेशींचा हात असल्याचे पुरावे मिळाले आहेत. म्हणून रुग्णाच्या मेंदूत जाण्याआधी पेशींच्या मिश्रणात नको त्या जातीच्या पेशी किती आल्या, हे तपासावंच लागतं.